भोंगा वाजला होता ना?

"साहेब, चौकशीत मी सुटलो. मग मला झोप का येत नाय?"

तुकाराम माझ्या केबिनच्या दारात उभा होता. हेल्मेट काढून पोटाशी धरलेलं. मी "बस" म्हणालो, तो बसला नाही. एरवी "खुर्चीला ग्रीस लागंल" असं काहीतरी म्हणायचा, त्या दिवशी तेवढंही बोलला नाही.

"अपघातानंतर असं होतं," मी म्हणालो. "शॉक असतो तो. चार दिवस सुट्टी टाक, गावी जाऊन ये."

"मी गावालाच ऱ्हातो साहेब. कोंडाण्याला. रोज तिथनंच येतो."

"मग कंपनीच्या डॉक्टरांना दाखव. झोपेची गोळी देतील."

"गोळी नको." तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. "मारुतीचा पाय गेला. मला कोन काय बोललं नाय. बोललं असतं तर बरं झालं असतं. साहेब, अशाची माफी कुठं मिळते? तुमी शिकलेले. तुमाला म्हाईत असंल."

मला माहीत होतं. अगदी नेमकं माहीत होतं. लहानपणापासून दर रविवारी सकाळी चर्चच्या बाकावर बसून मी दुसरं काय ऐकत आलो होतो? तरी मी म्हणालो, "चूक तुझी नाहीच, तर माफी कसली मागतोस? रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय. जा, काम कर. आणि हेल्मेट डोक्यावर घाल."

त्याने हेल्मेट घातलं आणि तो गेला.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. शिळफाट्याच्या पुढे एका कारखान्यात लोखंडी सांगाडे तयार होतात, शेडचे, पुलांचे. तिथे माणसं धड येतात तशी धड घरी गेली पाहिजेत, हे बघायचं माझं काम. म्हणजे मुख्यतः बोलायचं काम. रोज सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना मशीनपाशीच गोळा करून त्या दिवसाच्या कामात काय धोका आहे ते सांगायचं असतं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. कोणाला ऐकायचं नसतं. कोणी जांभई देतो, कोणी मोबाईल बघतो. मी तरी बोलतो. मरणाबद्दल बोलतो, डोळे जाण्याबद्दल बोलतो, घरी वाट बघणाऱ्या बायकोबद्दलसुद्धा बोलतो. "गायकवाड साहेब सुरू झाले की ग्राइंडर पण दमतो," अशी माझी ख्याती आहे. बोलायची लाज मला कधीच वाटली नाही.

एक विषय सोडून. मी ख्रिस्ती आहे. आजोबांच्या आधीपासून आमचं घर ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. पण नाव सुधाकर, आडनाव गायकवाड, बोलणं मराठी. सांगितल्याशिवाय कोणाला कळायचं कारण नाही आणि मी सांगितलं नाही. स्टोअरमधले कांबळे भाऊ पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून "जय भीम, साहेब" म्हणाले. मीही "जय भीम" म्हणालो. पुढे रोज म्हणत राहिलो. त्यांच्या त्या दोन शब्दांचा मला आदरच आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज याची, की त्यांच्या गैरसमजाच्या घरात मी वर्षानुवर्षं फुकट राहिलो. दसऱ्याला मशीनची पूजा असते तेव्हा मी मागच्या रांगेत फोनवर बोलायचो. समोर कोणी नसायचंच फोनवर. नाताळाला "पर्सनल काम" म्हणून रजा टाकायचो.

घाबरायला कारणं नव्हती असं नाही. वर्तमानपत्रात काय काय छापून येतं ते सगळेच वाचतात. एखादा म्हणाला, "हा आमची माणसं बाटवतो," तर पुढे कोण ऐकून घेणार? शिवाय मी ऑफिसर. ऑफिसरने कामगाराला देवाबद्दल काही सांगावं, हे बरोबरही नाही. ही कारणं मी इतकी वापरली होती की ती गुळगुळीत झाली होती.

आता अपघाताबद्दल. शेडच्या वरच्या रुळांवरून चालणारी क्रेन तुम्ही पाहिली असेल. आमच्याकडची खाली जमिनीवर उभं राहूनच चालवतात. ऑपरेटरच्या हातात बटणांची पेटी असते. तुकाराम हा क्रेन ऑपरेटर. लोड बांधणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. मारुती हा खलाशी, भिवपुरीजवळच्या गावातला. दोघे साडू, बायका सख्ख्या बहिणी. पद्धत अशी असते: खलाशी लोड बांधतो, हात वर करतो. ऑपरेटर भोंगा वाजवतो. भोंगा म्हणजे "आता उचलतोय, बाजूला व्हा". सगळे मागे सरकतात, मगच लोड हलतो.

त्या दिवशी लोखंडी अँगलचं बंडल उचलताना एका बाजूचा पट्टा तुटला. बंडल फिरलं आणि मारुतीच्या पायावर आलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. चौकशी माझ्याकडे होती. पट्टा झिजलेला निघाला, तो आधीच बदलायला हवा होता. ती चूक कंपनीची, आणि तसं मी लिहिलं. दुसरी गोष्ट अशी लिहिली, की भोंगा वाजल्यानंतरही खलाशी धोक्याच्या जागी थांबला. म्हणजे थोडी चूक मारुतीची. ऑपरेटर निर्दोष.

भोंग्याबद्दल मी दोघांनाही विचारलं होतं. तुकारामला शेडमध्ये, मारुतीला हॉस्पिटलच्या खाटेवर. दोघेही "हां" म्हणाले होते.

तुकाराम माझ्या केबिनमध्ये येऊन गेला, त्यानंतर काही दिवस कामावर होता. दसऱ्याच्या पूजेला सुपरवायझरने त्याला क्रेनपुढे नारळ फोडायला बोलावलं. क्रेनचा मान क्रेनवाल्याचा. तो पुढे आला नाही. "माझा हात नको," म्हणाला आणि बाहेर जाऊन नळापाशी उभा राहिला. मी मागच्या रांगेतून बघितलं. माझ्या कानाला फोन होता. फोन खिशात टाकून त्याच्यामागे जायला मला कोणी अडवलं नव्हतं.

दिवाळीनंतर तो यायचाच बंद झाला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. कर्जतला आमची छोटी मंडळी आहे, रविवारी उपासनेला एका हॉलमध्ये जमतो. शेवटी साक्षीची वेळ असते. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. मी नेहमी उभा राहतो. त्या रविवारीही राहिलो. क्षमेवर बोललो, चांगलं बोललो. आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मान डोलावली. घरी येताना स्कूटरवर मागून करुणा, माझी बायको, म्हणाली, "हे तुम्ही आम्हालाच का सांगता हो? आम्हाला माहीतच आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे तो तुमचा क्रेनवाला. त्याने विचारलं होतं ना? आम्ही कोणी विचारलं नव्हतं."

रस्ता खराब आहे, बोलता येत नाही, असं दाखवलं. रस्ता नुकताच नवा केलेला होता.

सोमवारी ऑफिसात एचआरकडून कळलं की तुकारामला गैरहजेरीची नोटीस जाणार. मी म्हणालो, नोटीस थांबवा, मी घरी जाऊन येतो. यात मोठेपणा काही नव्हता. नोटीस गेली असती तर तो परत आलाच नसता, आणि केबिनच्या दारातला त्याचा चेहरा मला कायमचा छळत राहिला असता.

दुपारी कर्जतजवळ कोंडाण्याला पोचलो. भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढे पडले होते. लेणी बघायला जाणारी पोरंपोरी रस्त्याने फोटो काढत चालली होती. तुकाराम पडवीत बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठायला लागला, मी त्याला बसवलं. त्याची बायको शेवंता कोरा चहा घेऊन आली.

"साहेब, तुमी तरी सांगा यांना," ती म्हणाली. "जेवत नायत, बोलत नायत. माज्या बहिनीच्या नवऱ्याचा पाय गेला, आन हे अजून बघायला गेलं नायत. मला पन जाऊ देत नायत. लोकं काय म्हनत असतील? आमी कुठल्या तोंडानं जायाचं?"

तुकारामने तिच्याकडे बघितलं, तशी ती आत गेली. पण दारामागेच थांबली असावी.

मी घसा साफ केला. सवय वाईट असते. "तुकाराम," मी म्हणालो, "आज आपण तीन गोष्टींवर बोलणार आहोत."

"हेल्मेट आणू का साहेब?"

कित्येक दिवसांत तो पहिल्यांदा असा बोलला असेल. आत शेवंता हसल्याचा आवाज आला. मलाही हसू आलं, आणि मग तयार करून आणलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं. बरंच झालं.

"मी ख्रिस्ती आहे," मी म्हणालो.

तो बघत राहिला. "तुमी तर जय भीमवाले ना?"

"नाही. कांबळे भाऊंना तसं वाटलं, मी वाटू दिलं."

"का?"

"सांगतो. आधी दुसरं ऐक. मी आत्ता तुझा साहेब नाही. तू ऐकलं नाहीस तरी तुझ्या नोकरीला काही होणार नाही, ऐकलंस तरी काही मिळणार नाही. धर्म बदल, असंही मी तुला सांगत नाही. तू मला विचारलं होतंस, माफी कुठे मिळते. त्याचं उत्तर मी तुला द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. ते द्यायला आलोय."

हॉलमध्ये मंडळीसमोर मी कसा घडाघडा बोलतो! इथे एका माणसापुढे शब्द सापडत नव्हते.

"आम्ही असं मानतो, की काही गोष्टी माणसाला फेडता येत नाहीत. तू कितीही चांगलं वाग, मारुतीचा पाय परत येणार नाही. असं जे न फिटणारं असतं ते येशूने आपल्या अंगावर घेतलं, क्रुसावर. आपण त्याच्याकडे जायचं आणि मी हे केलं, असं सरळ सांगायचं. तो हाकलून देत नाही. लपवायचं मात्र थांबवायला लागतं. मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही."

लपवायचं थांबवायला लागतं, हे वाक्य माझ्याच तोंडून माझ्याच कानावर पडलं. चहाचा कप खाली ठेवला.

"केलं नसंल काय तर?" तुकारामने विचारलं.

"नसेल केलं तर सांगायची गरज नाही."

"आन केलं असंल तर?"

मी गप्प राहिलो. एवढं एक काम मी त्या दिवशी नीट केलं.

"भोंगा वाजवला नव्हता साहेब," तो म्हणाला.

आता इथे मला स्वतःबद्दल चांगलं काही सांगता आलं असतं तर आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आला तो माझा रिपोर्ट. त्याच्या खालची माझी सही. समोर एक माणूस आतडं पिळून बोलत होता आणि मी मनात म्हणत होतो, आता आली का पंचाईत!

तुकाराम बोलत राहिला. उन्हाळ्यात दोघांच्या बायकांच्या तिसऱ्या, धाकट्या बहिणीच्या मुलीची हळद होती. मानाची टॉवेल-टोपी आधी मारुतीला दिली गेली. थोरला साडू तुकाराम, मान त्याचा आधी. तो जेवणावरून उठून आला. तेव्हापासून दोघांचा अबोला. एका शेडमध्ये, एका लोडवर काम करायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

"भोंगा तेवढा वाजवायचो, ड्युटी म्हनून. त्या दिवशी सकाळी चहाला गेलो, तर त्यानं मला बघून पाठ फिरवली. सगळ्यांसमोर. मला राग आला. म्हटलं, जा, आज भोंगा पन नाय तुला. त्यानं हात वर केला, मी बटन दाबलं. तो लोडखालचा लाकडी गट्टू सरळ करायला वाकला व्हता. भोंगा नाय झाला म्हंजी लोड नाय हलनार, या भरवशावर वाकला व्हता साहेब."

"मग मी चौकशीत विचारलं तेव्हा?"

"तुमी इचारलंत, 'भोंगा वाजला होता ना?' मी 'हां' म्हटलं. तुमीच उत्तर हातात दिलंत."

चौकशी कशी करावी याचं मी इतरांना ट्रेनिंग देतो. प्रश्नात उत्तर घालायचं नाही, हे पहिल्याच तासाला शिकवतो. "ना" लावून प्रश्न विचारला की माणूस घाबरून "हो"च म्हणतो. मी घाईत होतो. मला रिपोर्ट पूर्ण करायचा होता. तुकारामचं खोटं त्याचं होतं, पण त्याला बसायला पाट मी मांडला होता.

आत शेवंता रडत होती.

"आता काय करायचं?" तुकारामने विचारलं.

"मारुतीकडे जाऊ. त्याला सांगू. मग मी कंपनीत सांगणार. ते मला लपवता येणार नाही. नोकरीचं काय होईल, माहीत नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आधी तुमी काय ते तुमच्या देवाला सांगा. मी हात जोडतो."

मी प्रार्थना केली. आमच्या घराबाहेर आणि चर्चबाहेर मी मोठ्याने केलेली ती पहिली प्रार्थना. वाक्यं अर्धी राहत होती. तुकारामसाठी मागता मागता मी स्वतःसाठीच जास्त मागितलं. डोळे उघडले तर शेवंता डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती.

भिवपुरीला तसेच गेलो, माझ्या स्कूटरवरून. मारुती अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तुकाराम फाटकापाशीच थांबला. मी काही बोलायच्या आत तो तिथूनच म्हणाला, "मारुती, त्या दिवशी मी भोंगा वाजवला नाय."

मारुतीने त्याच्याकडे पाहिलं. "मंग? मला म्हाईत नाय व्हय? मी तिथंच व्हतो की रं."

तुकारामचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"चौकशीत का बोलला नाहीस तू?" मी विचारलं.

"बोललो असतो तर याची नोकरी गेली असती. माझा पाय थोडाच आला असता, साहेब?"

"रिपोर्टमध्ये तुझी चूक लिहिली गेली."

"वाचून दाखवली व्हती मला. म्हटलं, असू दे. पाठ मी पन फिरवली व्हतीच की." मग त्याचा आवाज चढला. "पन तू आला का नाय रं? हां? पाय गेला माझा. सगळा गाव येऊन गेला. परका मानूस येऊन गेला. साडू माझा, आन तू आला नायस. त्याचा राग हाय मला. भोंग्याचा नाय."

तुकाराम त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. त्यांचं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, फाटकाबाहेर येऊन उभा राहिलो. येताना मला वाटलं होतं, मी या दोघांसाठी काहीतरी घेऊन चाललोय. मारुतीने माझ्याकडून एक शब्द न ऐकता तुकारामला आधीच माफ करून टाकलं होतं, स्वतःच्या नावावर चूक घेऊन. देवाला माझ्यावाचून अडलेलं नव्हतं. अडलेला होता तो तुकाराम, आणि त्याला माझ्याच केबिनच्या दारातून मी परत पाठवलं होतं. तिथे उभं राहून मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेड पटवर्धन साहेबांकडे गेलो.

"अपघाताची चौकशी पुन्हा उघडावी लागेल," मी म्हणालो.

"ती क्लोज झालीय, गायकवाड."

"चुकीची झाली. भोंगा वाजला नव्हता. दोघेही आता तसं सांगतात. मारुतीची चूक नव्हती. आणि मी प्रश्न चुकीचा विचारला होता."

ते खुर्चीत मागे टेकले. "आत्ताच का सांगतात?"

इथे सोपी वाट होती. "समुपदेशन केलं, साहेब," एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ते शब्द अगदी जिभेवर आले होते.

"मी काल तुकारामच्या घरी गेलो होतो," मी म्हणालो. "मी ख्रिस्ती आहे, साहेब. क्षमेबद्दल आम्ही काय मानतो ते त्याला सांगितलं. त्यानंतर तो बोलला."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं आपण एकत्र काम करतोय. मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं."

"उद्या कोणी म्हणालं, सेफ्टी ऑफिसर धर्मप्रचार करतो, तर?"

"जे झालं ते सांगेन. त्यानेच आधी विचारलं होतं. बोलणं त्याच्या पडवीत झालं, कारखान्यात नाही. तरी तुम्हाला चूक वाटत असेल तर तसं लिहा."

"वाटतंय थोडी," ते म्हणाले. "पण दुसरी मोठी आहे. ती आधी बघू."

चौकशी उघडली. मारुतीच्या नावावरची चूक निघाली. तुकारामला काही दिवस निलंबित केलं, मग परत घेतलं, पण क्रेनवर नाही, यार्डात. मारुतीला कृत्रिम पाय बसल्यावर स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. मला लेखी ताकीद मिळाली, चौकशीतल्या हलगर्जीपणाची, आणि आवारात धार्मिक चर्चा न करण्याची तोंडी सूचना. दोन्ही मी मान्य केल्या. दोन्ही योग्य होत्या.

बातमी काही तासांत कारखानाभर झाली. मी ज्याला एवढी वर्षं भ्यायलो, त्यातलं काही झालं नाही. दोघांचौघांनी कुजबूज केली, एकाने माझ्या डब्याकडे निरखून बघितलं. जे लागलं ते कांबळे भाऊंचं. ते माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाले, "रोज जय भीम घालत होतो तुम्हाला. एकदा सांगायचं ना, राव. आम्ही काय टाकलं असतं का तुम्हाला? स्वतःचं लपवायला लागणं काय असतं, ते आमच्या बापजाद्यांना विचारा." मी माफी मागितली. ते लगेच हसले नाहीत. दोन दिवस स्टोअरमध्ये मला बघून त्यांनी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात, भेटल्यावर?"

"आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांतही सलामच म्हणतात."

"मग सलाम."

"जय भीम, भाऊ," मी म्हणालो. या वेळी ते ज्याचं त्याला दिलेलं होतं.

तुकाराम ख्रिस्ती झाला नाही. त्याच्या घरात देव्हारा आहे तसा आहे. मधूनमधून विचारतो, येशूने अमक्याला काय सांगितलं, तमक्याला का रागावला. आवाराबाहेर चहाच्या टपरीवर विचारतो, तेव्हा मी सांगतो. मला येत नसेल तर येत नाही म्हणतो. त्याला झोप लागते, असं शेवंता सांगते.

एकदा त्याच टपरीवर त्याने विचारलं, "साहेब, मी तुमच्या हापिसात आलो व्हतो, तवा तुमाला हे सगळं ठाव व्हतं?"

"होतं."

"मंग सांगितलं का नाय?"

मी कारणं सांगितली. कंपनीचा नियम, ऑफिसर आणि कामगार, बाहेरचं वातावरण. सगळी खरी होती. तो शांतपणे ऐकत होता, आणि त्याच्या तशा ऐकण्याने ती एकेक करून संपली.

"भ्यायलो होतो," मी म्हणालो. "लोक काय म्हणतील म्हणून."

त्याने बशीत चहा ओतला. रागावला नव्हता. "मला वाटलं, तुमच्यापाशी पन नाय," तो म्हणाला. "म्हटलं, एवढ्या शिकलेल्या मानसापाशी नाय, म्हंजी माझ्यासारख्याला माफी नसंलच कुठं. म्हनून घरी बसलो."

माहीत असून न सांगणारा आणि मुळात माहीतच नसलेला, हे दोघे समोरच्या माणसाला सारखेच दिसतात. हे शिकायचं काम माझं होतं, पण त्यासाठी पडवीत बसावं लागलं ते तुकारामला.